पावडरचा डबा आणि मेसचे ताट

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या अकरावीतल्या मुलाने प्रोटीन पावडरचा डबा मागितला. "आई, हाऊसमध्ये सगळेच घेतात." मी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला 'पोषण आणि आरोग्य' शिकवते, तरीही डबा घेऊन दिला. सुट्टी संपत आली होती, वाद नको वाटला.

वर्गात मी दरवर्षी एक हिशेब करून घेते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस प्रौढांना दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची. म्हणजे 60 किलोला 50 ग्रॅम. कॅडेटची वाढ, पीटी, ड्रिल, खेळ म्हणून दीडपट धरू, 75. आता ताट मोजा. दोन अंडी 12, दिवसभरातले अर्धा लिटर दूध 16, मूठभर शेंगदाणे 7, दोन वाट्या घट्ट वरण 12, आठ पोळ्या 24. बेरीज 71. उसळ, पनीर, चिकन अजून धरलेच नाही! हा हिशेब फळ्यावर कितीदा केला असेन, मुलाच्या ताटावर एकदाही नाही.

आमच्या अभ्यासक्रमाची खोट हीच आहे. तो व्याख्यांपासून सुरू होतो. मुले जीवनसत्त्वांचा तक्ता घोकून 80 गुण मिळवतात आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी वर्गात येतात.

म्हणून आता पहिल्या तासाला मी जपानी नौदलाची गोष्ट सांगते. 1882-83 च्या लांबच्या सफरीत 'र्‍यूजो' जहाजावरच्या 376 जणांपैकी 169 जणांना बेरीबेरी झाला, 25 दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी 1884 मध्ये 'त्सुकुबा' जहाज त्याच मार्गाने पाठवले, फक्त जेवण बदलून. पांढऱ्या भातावरची भिस्त कमी केली, मांस, दूध, पाव वाढवला. बेरीबेरीने एकही दगावला नाही. गंमत पुढे आहे. ताकाकींना वाटले, प्रथिने कमी पडत होती. (प्रथिनांमागे लागणारे तेव्हाही होतेच.) खरे तर सडलेल्या तांदळातून थायमिन निघून गेले होते. निदान चुकले, तरी माणसे वाचली, कारण बदलले होते ते अख्खे ताट. यावर वर्गात तासभर वाद चालतो.

डब्याचे काय झाले ते जानेवारीत फोनवर कळले. "सकाळी शेक घेतो ना, मग नाश्त्याला धावपळ करत नाही." म्हणजे अंडी गेली, पोहे गेले, केळेही गेले. मी पैसे मोजून त्याचा नाश्ता बंद केला होता.

शाळेला माझी एक विनंती आहे. नववीपासून महिन्यातून एक तास मेसमध्येच घ्यावा. स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर ठेवून मुलांनी स्वतःचे ताट मोजावे, आणि ताटात टाकलेलेही मोजावे. शिकवायला माझ्यासारखी बाई नको, मेसमधल्या दादांना कच्च्या डाळीचे माप आमच्यापेक्षा पक्के ठाऊक असते. आणि पालकांनो, डबे पाठवू नका. मुलगा हट्ट करील, रुसेल, रुसू द्या.

आता दर रविवारी फोनवर गुणांच्या आधी मी विचारते, "या आठवड्यात ताटात काय टाकलंस?" गेल्या रविवारी उत्तर आले, "दोडका." मी विषय फार ताणला नाही. दोडका मलाही आवडत नाही.