प्लॅटिनमला पर्याय, पण किती तासांचा?

दर काही महिन्यांनी एक बातमी वाचायला मिळते : हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलमधल्या महागड्या प्लॅटिनमला स्वस्त लोखंडाचा पर्याय सापडला. मथळा खोटा नसतो. पण हा पर्याय किती तास टिकला, हा आकडा बातमीत बहुधा नसतो. डॉक्टरने या विषयात कशाला नाक खुपसायचे, असे कुणाला वाटेल. पण या दोन्ही धातूंशी आमचा रोजचा संबंध येतो आणि फ्युएल सेलमध्ये त्यांना जी दुखणी जडतात, त्यांची भावंडे आम्ही वॉर्डात पाहतो.

फ्युएल सेलची रचना तशी साधी. मध्ये एक पातळ पडदा, एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला हवा. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण त्या वायूची फोड करतात. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून जातात, तीच आपली वीज. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्यांचे पाणी होते. हायड्रोजन पटकन फुटतो, ऑक्सिजनची जोडी मात्र हट्टी. त्यामुळे बरेचसे प्लॅटिनम हवेच्या बाजूलाच खर्ची पडते. एका मोटारीच्या संचाला ते साधारण २० ते ३० ग्रॅम लागते, आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते. पर्यायाची धडपड त्यासाठीच आहे.

प्लॅटिनमलाही विषबाधा होते. थंडीच्या दिवसांत बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून अंघोळ करताना माणसे बेशुद्ध पडतात, ती कार्बन मोनॉक्साइडमुळे. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनला जागाच उरत नाही. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरही तो असाच ठाण मांडतो आणि मग हायड्रोजनला जागा मिळत नाही. म्हणून वाहनात भरायच्या हायड्रोजनमध्ये तो दहा लाख भागांत ०.२ भागापेक्षा जास्त नसावा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच, तो नीट काढून टाकावा लागतो. पाण्याचे विघटन करून मिळवलेल्या हायड्रोजनला ही अडचण नाही. गंमत अशी की इलाजही सारखाच आहे. आम्ही रुग्णाला ऑक्सिजन लावतो, इंजिनिअर हायड्रोजनच्या प्रवाहात किंचित हवा सोडतात.

आता लोखंडाकडे. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासातल्या ऑक्सिजनचे पेशींमध्ये शेवटी पाणीच होते आणि ते काम लोह व तांबे असलेले एक एन्झाइम करते. तिथे प्लॅटिनमचा कणही लागत नाही. रसायनशास्त्रज्ञांचा लोखंडी उत्प्रेरक हिमोग्लोबिनची आठवण करून देणारा आहे : मधोमध लोहाचा अणू, भोवती नायट्रोजनचे अणू, आणि हे सगळे कार्बनच्या जाळीत बसवलेले. या कुळातला कोबाल्टचा पहिला नमुना १९६४ सालचा आहे. म्हणजे साठ वर्षे उलटली, तरी प्लॅटिनमची जागा कुणी घेतलेली नाही. असे का?

उत्तर थॅलेसेमियाच्या वॉर्डात मिळते. या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातले लोह शरीरात साठत जाते, त्याला धरून ठेवणारी प्रथिने अपुरी पडतात आणि मोकळे लोह यकृताचा व हृदयाचा घास घेऊ लागते. मोकळे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की कमालीचे विध्वंसक रेणू तयार होतात. म्हणून तर त्या मुलांना लोह बाहेर काढणाऱ्या गोळ्या नेमाने घ्याव्या लागतात. फ्युएल सेलमध्येही हेच घडते. तिथले वातावरण आम्लाचे, हवेच्या बाजूला थोडे पेरॉक्साइड तयार होतेच, लोहाचा अणू आपली बैठक सोडतो आणि पडद्याची चाळण होऊ लागते. शरीर झिजलेले एन्झाइम टाकून नवे बनवते. यंत्राला ती सोय नाही.

प्लॅटिनमही अगदीच अभंग नाही. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले, पण ते विजेमुळे नव्हे. इलेक्ट्रोडचे प्लॅटिनम किंचित विरघळले होते, त्याची ही करामत. त्यातूनच सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचे औषध आले. फ्युएल सेलमध्येही प्लॅटिनम हळूहळू विरघळते, पण लोखंडाच्या मानाने ते फार टिकते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने लांब पल्ल्याच्या मालट्रकसाठी २५,००० तासांचे उद्दिष्ट ठेवले आहे. रोज बारा तास गाडी चालली तर ही सुमारे पावणेसहा वर्षे होतात. नव्या उत्प्रेरकाची बातमी वाचताना हा आकडा शेजारी ठेवावा. आपल्याकडे हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी मिळून विकसित केलेल्या हायड्रोजन बसचे पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये अनावरण झाले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या संशोधनात पहिल्या दिवशीच्या विजेइतकेच हजाराव्या तासाच्या विजेलाही महत्त्व मिळायला हवे, असे माझे मत आहे.

तोवर प्लॅटिनम लागणारच आणि जुन्या संचांतून ते परत मिळवावे लागणार. इथे मात्र माझ्यातला डॉक्टर सावध होतो. दागिन्यातले प्लॅटिनम निरुपद्रवी असते. पण शुद्धीकरणात तयार होणाऱ्या त्याच्या काही विद्राव्य क्षारांची कामगारांना ॲलर्जी होते आणि त्यातून दमा जडतो. धूम्रपान करणाऱ्यांना धोका अधिक. अमेरिकेत अशा क्षारांची कामाच्या जागेवरील मर्यादा घनमीटर हवेत अवघी २ मायक्रोग्रॅम आहे. ॲलर्जी एकदा जडली की त्या कामगाराला तिथून हलवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि उशीर झाला तर काम सोडल्यावरही दमा मागे राहू शकतो. आपल्याकडे भंगारातून धातू काढण्याचे काम कसल्या शेडमध्ये आणि कसल्या हवेत चालते, हे सांगायला नको. हे काम ज्या कारखान्याला द्यायचे, तिथे कामगाराची त्वचेवरची ॲलर्जी चाचणी आणि फुफ्फुसांची तपासणी नोकरीवर घेतानाच झाली पाहिजे, पुढेही ठरावीक काळाने होत राहिली पाहिजे, आणि ही अट परवान्यातच असली पाहिजे.