माल पडून, पैसा अडून

आपल्या वस्त्यांतून आता किराणा दुकाने दिसू लागली आहेत. कुणी फंडाच्या पैशातून, कुणी बचत गटाच्या कर्जातून दुकान टाकतो. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यातली काही वर्ष-दोन वर्षांत बंद पडतात. गिऱ्हाईक नव्हते, असे सांगितले जाते. आमचा अनुभव निराळा आहे.

आम्हीही घराच्या ओट्यावर दुकान काढले. चाळीस हजारांचा माल भरला. गच्च फळ्या पाहून वाटे, धंदा जोरात आहे. प्रत्यक्षात साखर, तेल, चहा आठवड्यात संपे आणि पुन्हा आणायला हातात पैसा नसे. साखर नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक सगळी यादीच दुसऱ्या दुकानात नेई.

शेवटी एका रविवारी आठवीतल्या मुलीने वही घेऊन सारा माल मोजला. चौदा हजारांचा माल दोन महिने जागचा हललेला नव्हता! महागडे साबण, फुकटच्या पुड्यासाठी उचललेली बिस्किटे, अळ्या लागलेला रवा. कर्जाचा हप्ता तिथे अडकून पडला होता.

हिशेब साधा आहे. हजाराच्या मालावर ८० रुपये सुटतात असे धरा. तो महिन्यातून एकदा विकला तर ८० रुपये मिळतील. दर आठवड्याला विकून पुन्हा भरला, तर चार आठवड्यांत ३२० मिळतील. भांडवल तेच, कमाई चौपट.

हा नियम मोठ्यांनाही चुकत नाही. अमेरिकेच्या टार्गेट कंपनीने २०१३ साली कॅनडात दुकाने उघडली. संगणकात मालाची माहिती चुकीची भरली गेली. गोदामे तुडुंब आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या, अशी गत झाली. इतर कारणेही होती. पण २०१५ साली सर्व १३३ दुकाने बंद झाली आणि सतरा हजारांवर माणसांची नोकरी गेली.

म्हणून दुकानदार बंधू-भगिनींनो, चार गोष्टी पाळा. दर आठवड्याला माल मोजा आणि आला, गेला, शिल्लक असे वहीत मांडा. जुना माल पुढे, नवा मागे ठेवा. खपणारा माल आठवड्यापुरता आणा, पण संपू देऊ नका. न हलणारा माल मुदत संपण्याआधी खरेदीच्या भावात काढून टाका. त्या पैशाची साखर आणा. मुदत उलटलेला माल मात्र विकू नका. तो आपल्याच शेजाऱ्यांच्या मुलांच्या पोटात जातो.

आणखी एक. घरच्या चहासाठी दुकानातून नेलेली साखरही वहीत लिहा. आमच्या मुलीने ती लिहायला लावली, तेव्हा घरच्यांना राग आला होता. महिनाअखेरी बेरीज पाहून सारेच गप्प झाले. त्यानंतर मात्र कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही.