चव्हाट्यावरचा वडा

आश्विन वद्य चतुर्दशीच्या रात्री लहरीपुरा दरवाज्यातून मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची खरेदीची गर्दी ओसरली, की आतल्या पोळांच्या तोंडाशी एक निराळी हालचाल सुरू होते. घरची बाई ताजा तळलेला वडा आणि पाण्याचा लोटा घेऊन चव्हाट्यावर येते, वडा ठेवते, त्याभोवती पाण्याचे वर्तुळ काढते आणि मागे वळून न पाहता घरी परतते. गुजराती बोलीत यास ‘ककळाट काढणे’ म्हणतात. ककळाट म्हणजे घरातला तंटा, रोजची कटकट. ही काळी चौदस. याच तिथीच्या पहाटे आम्हां मराठी घरांत अभ्यंगस्नान होते आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटते. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकात येथे आलेली आमची नरकचतुर्दशी आणि शेजाऱ्यांची काळी चौदस एकमेकींच्या आड कधी आल्या नाहीत.

अलीकडे मात्र या चौदशीस दोन प्रकारचे शहाणे भेटू लागले आहेत. पहिल्यांस तिची लाज वाटते. चव्हाट्यावरचा वडा दिसला की ते ‘अडाणी समजूत’ म्हणून नाक मुरडतात. पण ऑक्टोबराच्या अखेरीस याच घरांतील मुले हॅलोवीनसाठी प्लॅस्टिकचा सांगाडा आणि काळी टोपी मागतात, तेव्हा ते आनंदाने पैसे मोजतात. दुसऱ्यांस तिचा भलताच गर्व आहे. हॅलोवीन म्हणजे आमच्याच पितृपक्षाची चोरलेली नक्कल, असे ते छातीठोकपणे सांगतात. आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत.

गर्विष्ठांस प्रथम उत्तर देऊ. आयर्लंडमध्ये नोव्हेंबराच्या आरंभी हिवाळा सुरू होई, गुरे रानातून गोठ्यात येत, आणि ‘साउइन’ नावाचा सण होई. पुढे नवव्या शतकात पश्चिम युरोपातील ख्रिस्ती चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरविला. त्याची पूर्वसंध्या तीच हॅलोवीन. दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचे अधिपती ओदिलो यांनी २ नोव्हेंबरास मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा प्रघात पाडला. गोव्यातील आमचे ख्रिस्ती बांधव त्या दिवशी आजही आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. आयरिश खेडूत सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. १८४० नंतरच्या दुष्काळात ते लाखांनी अमेरिकेस गेले आणि तेथे सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. या सगळ्या वाटचालीत पितृपक्षाचा मागमूस नाही. साम्य आहे ते ऋतूचे आणि माणसाच्या मनाचे. पिके निघाली, रात्री लांबू लागल्या, की गेलेली माणसे आठवतात आणि काळोखाचे भय वाटते. दूरदूरच्या दोन माणसांनी एकाच भयाला तोंड दिले, तर एकाने दुसऱ्याचे चोरले असे होत नाही.

आता लाजणाऱ्यांकडे वळू. त्यांनी एकदा कोकणात व गोव्यात जाऊन पाहावे. प्राग्ज्योतिषपुराचा नरकासुर श्रीकृष्णाने व सत्यभामेने मारला आणि त्याच्या बंदीतील सोळा सहस्र स्त्रिया मुक्त झाल्या, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. गोव्यात पोरे त्याच असुराचा गवता-कागदाचा देह उभारतात आणि पहाटे जाळतात. मग घरोघर स्नान आणि नाना परींचे फोव. गेल्या काही वर्षांत या पुतळ्यांच्या चढाओढी, बक्षिसे आणि रात्रभर कर्णे असा प्रकार वाढला आहे. कृष्ण कोपऱ्यात आणि असुर मखरात, ही तेथील वडीलधाऱ्यांची तक्रार आम्हांस रास्त वाटते. तरी मूळ कल्पना पाहा. वडा, कारीट, कागदी नरकासुर, कोरलेले सलगम: प्रत्येक ठिकाणी अनिष्टाला एक देह दिला आहे, आणि तो देह पिठाचा, फळाचा, कागदाचा आहे, माणसाचा नाही. ज्या बाईने वर्षभर सासू-सुनांचे तंटे सोसले, ती ते एका वड्यात घालून दाराबाहेर ठेवते, पण त्यांचा दोष शेजारणीवर ठेवत नाही. तो वडा रात्री कुत्रे खाते. यात कोणाचे काय बिघडले? अडाणीपणा म्हणायचा तर तो प्लॅस्टिकच्या सांगाड्यात अधिक आहे. कारण त्यात भयही नाही आणि भयाचा निचराही नाही, केवळ विक्री आहे.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही अप्रामाणिक ठरू. याच रात्रीच्या आडोशाने दुसराही व्यवहार चालतो. भुवा नावाचा मांत्रिक आजाऱ्याच्या घरी बसतो आणि दुखण्याचे कारण म्हणून एखाद्या विधवेकडे बोट दाखवितो; ती ‘डाकण’ ठरते. दिवाळीच्या सुमारास तांत्रिक विधीसाठी घुबडे पकडून विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतरच, त्याच वर्षी, महाराष्ट्रात तो कायदा झाला. गुजरातेत तसा कायदा २०२४ मध्ये आला. ‘परंपरेवर घाला’ म्हणून अशा कायद्यांविरुद्ध ओरड करणाऱ्यांस आम्ही विचारतो: विधवेस झाडाला बांधणे ही कोणाची परंपरा? ती तुमच्या आजीची असेल असे आम्हांस वाटत नाही. आमच्या आजीने वडा तळला होता.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. जी रीत भयाला वस्तूचा देह देते, ती राखावी. जी रीत भयाला माणसाचा किंवा मुक्या जीवाचा देह देते, ती मोडावी. ती देशी आहे की परदेशी, जुनी आहे की नवी, हे विचारण्याचे कारण नाही. या कसोटीस वडा उतरतो, कारीट उतरते. मुलांचा भोपळाही उतरतो, त्याचा आम्हांस द्वेष नाही. भुवा उतरत नाही.

येत्या चौदशीस लहरीपुऱ्याच्या आतल्या कोणा घरातील मुलगी विचारील, हा वडा कशासाठी? तिला ‘काही नाही, जुनी पद्धत’ असे उत्तर देऊ नये. आपल्या घरातले भांडण आपले आहे, ते कोणा दुसऱ्याने केलेले नाही, म्हणून आपणच ते बाहेर ठेवून येतो, असे तिला सांगावे. मग तिच्या हाती पाण्याचा लोटा द्यावा.