ऐन हंगामात

मंडळी, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचं वेड काय असतं हे तिकडच्या नातेवाइकांना मी सांगायला नको. इकडच्यांसाठी एवढंच, की हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. कॉलेजच्या सामन्याला लाखभर लोक येतात आणि प्रशिक्षकाचा पगार बऱ्याच राज्यांत गव्हर्नरपेक्षा कितीतरी जास्त असतो.

तर, रविवार १२ ऑक्टोबर २०२५. पेन स्टेट युनिव्हर्सिटीने जेम्स फ्रँकलिन या प्रशिक्षकाला काढलं. बारावा हंगाम चालू होता आणि त्यातले फक्त सहा सामने झाले होते. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खेळला होता. पण लागोपाठ तीन सामने हरले आणि संपलं. (काढल्यानंतरचे तीन सामनेही तो संघ हरलाच, ते वेगळं.)

योगायोग बघा, त्याच रविवारी विशाखापट्टणमला आपल्या मुलींनी ३३० धावा करूनही विश्वचषकातला सामना ऑस्ट्रेलियाला घालवला. आपल्या सांगलीच्या स्मृतीच्या ८० धावा त्यात वाया गेल्या. आधी ९ तारखेला दक्षिण आफ्रिकेकडून हार, मग ही, मग १९ तारखेला इंदूरला इंग्लंडकडून चार धावांनी. इथेही लागोपाठ तीन! माझ्या ओळखीतल्या निदान अर्धा डझन शहाण्यांनी त्या आठवड्यात 'त्या मुजुमदारला आधी काढा' असा निकाल देऊन टाकला. त्यातले दोघे बॅट धरून कधी उभे राहिले असतील तर गल्लीतच.

अमोल मुजुमदार राहिले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण मी 'बघा, जिंकलो की नाही' असं म्हणणार नाही. अंतिम सामना हरलो असतो तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. भर स्पर्धेत प्रशिक्षक कोणी बदलत नाही हेही कबूल. प्रश्न स्पर्धेच्या तोंडावर काय करतात हा आहे, आणि तिथे आपल्या क्रिकेट मंडळाचा इतिहास पेन स्टेटला लाजवेल असा आहे.

२०१७ चा विश्वचषक जूनमध्ये होता. पूर्णिमा राव प्रशिक्षक होत्या, फेब्रुवारीत संघ पात्रता स्पर्धा जिंकून आला होता. एप्रिलमध्ये त्यांना बाजूला केलं आणि तुषार आरोठे आले. त्यांच्या हाताखाली संघ लॉर्ड्सला अंतिम सामन्यात नऊ धावांनी हरला. वर्षभराने तेही गेले. मग रमेश पोवार. नोव्हेंबर २०१८ मध्ये मिताली राजला उपांत्य सामन्यात बसवण्यावरून रामायण झालं आणि मुदत संपताच पोवार बाहेर. त्यांना ठेवा म्हणून हरमनप्रीत आणि स्मृती यांनी मंडळाला लिहिलं, ते कोणी ऐकलं नाही. डब्ल्यू. व्ही. रामन आले, २०२० साली टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले, आणि २०२१ च्या मे महिन्यात त्यांच्या जागी कोण? तर पुन्हा पोवार!

इथपर्यंत एक वेळ हसून सोडून देता येईल. पण ६ डिसेंबर २०२२ चं काय? ऑस्ट्रेलियाची मालिका तीन दिवसांवर, विश्वचषक दोन महिन्यांवर, आणि पोवारांची बंगळूरच्या अकादमीत बदली. कारण काय, तर 'पुनर्रचना'. (हा शब्द ऐकला की मी खिसा चाचपतो.) मुख्य प्रशिक्षक नेमलाच नाही. फलंदाजी प्रशिक्षक म्हणून आणलेल्या हृषिकेश कानिटकरांच्या भरवशावर संघ विश्वचषकाला गेला आणि उपांत्य सामना ऑस्ट्रेलियाकडून पाच धावांनी हरला. कायमचा माणूस, म्हणजे मुजुमदार, आला २५ ऑक्टोबर २०२३ ला. दहा महिन्यांहून जास्त काळ खुर्ची रिकामी!

पोवार चांगले की वाईट, हा माझा मुद्दाच नाही. वाईट असतील तर ऑक्टोबरात आशिया कप संपल्यावर, नवा माणूस ठरवून, कारण सांगून बदला. आपल्याकडे एकदा गव्हाणीत मोळी पडली की उतारा कमी लागतो म्हणून जानेवारीत चीफ केमिस्टला घरी पाठवणारं संचालक मंडळ मी तरी पाहिलेलं नाही. जे काय हिशेब करायचे ते कारखाना बंद झाल्यावर, उन्हाळ्यात. साखरेला जेवढं डोकं लावतो तेवढं पोरींच्या खेळाला लावायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, वरच्या दर्जाच्या खेळात एवढा वेळ कोणाकडे आहे. साताऱ्यात बघा की. आदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली, सतरा वर्षांची असताना. लहानपणापासून प्रवीण सावंत यांच्याकडेच शिकली. नागपूरचा ओजस देवतळे त्यांच्याकडेच साताऱ्यात शिकायला आला, आणि त्याच स्पर्धेत तोही जगज्जेता झाला. सांगलीत स्मृती लहानपणापासून अनंत तांबवेकर सरांकडे शिकली. एखाद्या स्पर्धेत अपयश आलं म्हणून यांना कोणी 'पुनर्रचित' केलं नाही.

गैरवर्तन, मुलींची छळवणूक, पैशांची भानगड असेल तर हंगाम कुठलाही असो, त्याच दिवशी काढा, त्याबद्दल दुमत नाही. पण हरल्याबद्दल ऐन हंगामात काढणं हे मला नेमणाऱ्यांनी स्वतःकडे बोट येऊ नये म्हणून केलेली सोय वाटते. अमेरिकेत याची एक मजा झाली. टेक्सास ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरात जिम्बो फिशर यांना साडेसात कोटी डॉलरहून जास्त भरपाई कबूल करून काढलं. लुइझियाना स्टेटने ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रायन केली यांना काढलं, तिथे भरपाई सुमारे ५ कोटी ४० लाख. दोघांनाही मुळात नेमणारा माणूस एकच, स्कॉट वुडवर्ड. केलींच्या पाठोपाठ चारच दिवसांत त्यांचीही नोकरी गेली, तीसुद्धा राज्याच्या गव्हर्नरने जाहीरपणे खवळून त्यांच्यावर तोफ डागल्यावर. (खेळात राजकारणी नकोत म्हणणाऱ्यांनी यावर काय म्हणावं मला कळत नाही.)

आपल्याकडे त्या दहा महिन्यांच्या रिकाम्या खुर्चीबद्दल कोणाची साधी बदलीही झालेली माझ्या ऐकण्यात नाही.