साठ लाख डॉलरचं रिव्हॉल्व्हर आणि आपल्या घरातला कागद



आमच्या अभ्यासगटात एकाने विचारलं, जुनी रिव्हॉल्व्हरं जमवणाऱ्या अमेरिकन श्रीमंतांशी आपला काय संबंध? आहे संबंध. तो बंदुकीपेक्षा कागदाशी आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला एका लिलावात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलरच्या वर गेलं. १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोत शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या तरुण गुन्हेगाराला मारलं, ते हे हत्यार. त्याच बनावटीचं, त्याच काळातलं दुसरं कोल्ट याच्या एका क्षुल्लक अंशाला मिळेल. लोखंड तेच. फरक फक्त कागदाचा: अनुक्रमांक, सहीचं पत्र, मालकी हातोहात कशी गेली याचा पुरावा.

या पुराव्यातला एक दुवा मला फार बोलका वाटतो. गॅरेटचं हे हत्यार एल पासोतल्या एका दारूच्या गुत्त्यात शोभेला ठेवलेलं असे. १९०८ मध्ये गॅरेट मारला गेला. पुढे गुत्त्याचा मालकही वारला, तेव्हा गॅरेटची विधवा अपोलिनारिया कोर्टात गेली. हे माझ्या नवऱ्याचं आहे, म्हणून भांडली आणि जिंकली. मेक्सिकन वंशाची ही म्हातारी बाई लढली नसती, तर पुराव्याचा एक मोठा तुकडाच नसता. आणि बातम्यांत नाव कुणाचं? मारणाऱ्याचं आणि मेलेल्याचं.

पण कागद करून ठेवण्याची संधी सगळ्यांना होती का? गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ मध्ये, मिसिसिपी राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी घातली. जे जवळ असणंच गुन्हा, त्याची पावती कोण जपणार? बास रीव्हज गुलामगिरीत जन्मला आणि पुढे अमेरिकी सरकारचा डेप्युटी मार्शल झाला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. अटकेचे वॉरंट तो वाचून घेऊन पाठ करायचा. असा माणूस ‘हे रिव्हॉल्व्हर माझं’ असं सहीचं पत्र कसं लिहिणार? बाजार म्हणतो, आम्ही फक्त पुरावा बघतो. पण पुरावा तयार होण्याआधीच समाजाने निवड केलेली असते. जातीच्या समाजात वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

काही मित्र म्हणतात, हा छंदच मुळात हत्येचं उदात्तीकरण आहे. अर्धं पटतं. २०१६ मध्ये जॉर्ज झिमरमनने १७ वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिनला मारलेलं पिस्तूल अमेरिकन इतिहासाचा तुकडा म्हणून लिलावात काढलं होतं. ते रिव्हॉल्व्हर नव्हतं, जुनंही नव्हतं, पण युक्तिवाद तोच: मारणाऱ्याचं नाव जोडा, भाव वाढवा. याला छंद म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तरीही या संग्राहकांची एक सवय मी उचलायला तयार आहे. त्यांच्यात एक जुना सल्ला आहे: बंदूक विकत घ्या, गोष्ट नको. ‘आमच्या पणजोबांनी सांगितलं’ याला तिथे शून्य किंमत. ऐकताना राग येतो, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा गोष्टच उरलेली असते.

मी काम करते त्या वस्तीत एका घरात पणजोबांचं पदक आहे. दुसऱ्या महायुद्धात ते महार रेजिमेंटमध्ये होते असं घरचे सांगतात. सेवेचं पुस्तक वाळवीने खाल्लं. उरलंय पदक आणि एक फोटो, सात जवानांचा. मागच्या महिन्यात पणतू आणि मी आजीजवळ बसलो आणि ती सांगेल तशी फोटोमागे पेन्सिलने नावं लिहिली, खाली तारीख आणि सांगणारीचं नाव टाकलं. चार नावं झाली. उरलेल्या तिघांसाठी तो आता शेजारच्या दोन गावांत जाणार आहे, तिथली म्हातारी माणसं अजून आहेत तोवर.