दोराचे दुसरे टोक

पुण्यास, मुंबईस अथवा बंगळुरास शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेल्या आपल्या तरुणांपैकी काहीजण शनिवार-रविवारी पाठीवर पिशवी टाकून डोंगरांवर जातात, आणि नुसते पाऊलवाटेने न जाता दोर लावून उभे कडे चढतात, हे आता भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंदकडील घरांतही ठाऊक होऊ लागले आहे. घरी ही बातमी बहुधा छायाचित्रावरून कळते. कड्याच्या मध्यावर मुलगा लोंबकळत आहे, खाली दरी आहे आणि चेहरा मात्र हसरा! आईच्या पोटात गोळा येतो. वडील "हे कशासाठी?" एवढेच विचारतात, आणि पुढच्या खेपेस तो घरी आला म्हणजे त्याला शपथ घालायची असे दोघे मिळून ठरवतात. शपथ घालण्यापूर्वी ही गोष्ट आहे तरी काय, हे समजून घ्यावे, एवढ्यासाठी आजचे हे लेखन.

खडक आपल्या भागाला नवा नाही. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली, आणि ज्या जांभ्या दगडावर तेथला किल्ला उभा आहे त्याच दगडात त्याचा तिहेरी खंदक कोरून काढलेला आपण पाहतो. शहाबादची फरशी तर आपल्या ओसरीवर आणि स्वयंपाकघरातही आहे. परंतु जांभा दगड सच्छिद्र. त्याच्या कडा हाताखाली भुगा होतात, आणि शहाबादी दगड जमिनीत थरांनी आडवा पसरलेला. चढण्याच्या कामी दोन्ही निरुपयोगी. म्हणून कर्नाटकातील हौशी तरुण बदामीच्या तांबड्या वालुकाश्मावर किंवा बंगळुराजवळ रामनगरच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर जातात, आणि पुण्या-मुंबईकडील सह्याद्रीवर. सह्याद्रीचा कातळ आपल्या परिचयाचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हारस दख्खनभर पसरला, त्याचाच काळा पाषाण आपल्या काळ्या मातीखाली निजलेला आहे. येथे तो सपाट आहे; घाटमाथ्यावर मात्र तो एकदम तुटतो आणि शेकडो हातांचे कडे उभे राहतात. खंडाळ्याची नागफणी, रायगडासमोरचा लिंगाणा, जीवधनाजवळची वानरलिंगी, तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही नावे या मंडळींच्या तोंडी सतत असतात.

महाराष्ट्रात कडा चढण्याची गोष्ट निघाली की सर्वांना १६७० सालचा सिंहगड आठवतो. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले, असे सांगतात. युद्धात ते शोभले. परंतु आपल्या मुलांच्या मनावर या कथेचा ठसा इतका खोल आहे, की माघार म्हणजे नामुष्की अशी त्यांची समजूत होऊन बसते. डोंगरावर ती समजूत घातक आहे. चांगला चढणारा परतीचा दोर आधी पाहतो.

आता दोराविषयी. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढतात. एकजण कमरेला दोर बांधून खाली उतरतो आणि वर काठावर दुसरा तो दोर धरून उभा असतो. काठावरचा मनुष्य तंबाखू मळण्यासाठी क्षणभर तरी हात सोडील काय? कडा चढणे हे त्याच जातीचे काम आहे, फक्त दिशा उलटी. एकजण पुढे चढतो. दोराचे एक टोक त्याच्या कमरपट्ट्याला 'आठाच्या गाठी'ने बांधलेले असते. दुसरा खाली उभा राहून एका लहानशा धातूच्या साधनातून दोर हळूहळू सोडतो. पुढचा मनुष्य काही अंतरावर खडकात मेख ठोकतो किंवा आधी बसवलेला बोल्ट शोधतो, त्यात कडी अडकवतो आणि कडीतून दोर ओवून घेतो. तो निसटला तर किती पडेल? शेवटच्या मेखेच्या वर तो तीन मीटर असेल, तर मेखेपर्यंत तीन आणि मेखेखाली तीन असे सहा मीटर, शिवाय दोर ताणेल तितके अधिक. मग तो थांबतो. मात्र खालच्याने दोर धरला असेल तरच. पुढचा वर पोहोचला की तो स्वतःला खडकाशी बांधून घेतो आणि मग वरून खालच्याचा दोर धरतो. म्हणजे दोघांचे प्राण आळीपाळीने एकमेकांच्या मुठीत असतात. १९५३ साली एव्हरेस्टच्या वाटेवर, खुंबूच्या हिमप्रपातात पायाखालचा बर्फ ढासळून हिलरी भेगेत गेले, तेव्हा तेनसिंगांनी दोर कुऱ्हाडीभोवती गुंडाळून त्यांना थोपवले. तो दोर सुटला असता, तर २९ मे रोजी शिखरावर निदान ती जोडी तरी उभी राहिली नसती.

दोर आणि सोबती यांचे महत्त्व ज्या एका आठवड्याने जगाला दाखवले, तो १८६५ सालच्या जुलैचा. आल्प्समधील मॅटरहॉर्न हे शिखर तोवर अजिंक्य होते. १४ जुलै रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती स्वित्झर्लंडच्या बाजूने माथ्यावर पोहोचले. उतरताना त्यांच्यातील हॅडो नावाच्या एकोणीस वर्षांच्या, अनुभव नसलेल्या मुलाचा पाय घसरला. त्याने पुढच्या वाटाड्याला धक्का दिला, मागच्या दोघांना ओढले, आणि चौथ्याच्या मागे दोर तुटला. चौघे कोसळले, तिघे वाचले. पाहणीत असे निघाले की तुटलेला दोर सर्वांत जुना आणि बारीक होता. अधिक मजबूत दोर सामानात असूनही त्या ठिकाणी वापरला गेला नव्हता. अननुभवी सोबती आणि हलका दोर, दोन चुका एकाच जागी आल्या.

त्यानंतर तीनच दिवसांनी, १७ जुलैला, इटलीच्या बाजूने दुसरी तुकडी चढली. तिच्यात चौघेजण होते: कारेल, बिश, मेने आणि अमे गोरे नावाचे एक तरुण कॅथलिक धर्मगुरू. शिखर अगदी हाताशी आले असता वाटेत एक घळ आडवी आली. तिच्यात दोरावर उतरता येत होते. परंतु परत वर येण्यासाठी काठावर कोणी दोर धरून थांबणे भाग होते. फादर गोरे यांनी आपण थांबतो असे सांगितले. मेने त्यांच्यासोबत राहिले. कारेल आणि बिश शिखरावर जाऊन आले, आणि काठावरच्या दोघांनी त्यांना वर ओढून घेतले. त्या पर्वताच्या इतिहासात शिखरावर पोहोचलेल्यांची नावे ठळक छापतात; आम्हाला मात्र त्या दिवशीचा सर्वांत चांगला गिर्यारोहक कोण, असे कोणी विचारले तर आम्ही फादर गोरे यांचेच नाव घेऊ.

व्हिंपरचा दोर वनस्पतीच्या धाग्याचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनचे दोर आले आणि पुष्कळ जीव वाचले. आजच्या चढाईच्या दोरात आत धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असते. तो झटका बसताच ताणतो, आणि त्या ताणण्यातच पडणाऱ्याचा कणा वाचतो. गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या कसोटीत ऐंशी किलो वजनाचे किमान पाच जबर झटके त्याला न तुटता सोसावे लागतात. कडी लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टनांचा ताण सहन करणारी असावी लागते, आणि तसा आकडा तिच्यावर कोरलेला असतो.

येथे शेतकरी वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्या बोअरमध्ये पंप सोडण्यासाठी जो प्लॅस्टिकचा दोर असतो, तो दिसायला जाड आणि वजनाला भारी. पण पडत्या माणसाचा झटका घेण्यासाठी तो केलेला नाही, आणि घर्षणाने तो लवकर वितळतो. सुट्टीत घरी आलेल्या मुलाने तो घेऊन किल्ल्याच्या बुरुजावर 'सराव' करू नये. उलटपक्षी त्याचा चढाईचा दोर घरी असेल, तर त्यावर धुणे वाळत घालू नये, त्याने गाडी ओढू नये, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ तो मुळीच ठेवू नये. बॅटरीतील आम्लाने नायलॉन आतून कुजते आणि वरून काहीच दिसत नाही. जोरदार झटका खाल्लेला किंवा आवरण फाटलेला दोर टाकून द्यायचा. महाग असतो, जीव हळहळतो, तरीही टाकायचा. आणि दुसऱ्याचा जुना दोर स्वस्तात मिळतो म्हणून घ्यायचा नाही, कारण त्याने काय काय सोसले आहे ते आपल्याला ठाऊक नसते.

शिरस्त्राणाविषयी तरुण कुरकुर करतात. सह्याद्रीचा कातळ थराथरांचा. मधल्या पट्ट्यांत गवत आणि सुटे दगड. वरच्याच्या पायाखालून निसटलेला मुठीएवढा दगड खालच्याच्या डोक्याचे काय करील, हे सांगायला नको. शिवाय आग्या मोहोळे. कड्याच्या पोटात ही पोळी लटकत असतात. धूर, सिगारेट, उग्र अत्तर, आरडाओरड यांनी माशा उठतात, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

मग परवानगी द्यावी की देऊ नये? आमच्या मते प्रश्न तेथून सुरू करू नये. तुझ्या दोराचे दुसरे टोक कोणाच्या हातात असते, हे मुलाला विचारावे. त्या सोबत्याचे नाव, त्याचे शिक्षण, तो किती वर्षे चढतो आहे, 'आज नको, परत जाऊ' असे त्याने कधी म्हटले आहे काय, हे विचारावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'कधीच नाही' असे आले, तर सोबती बदलण्यास सांगावे. समाजमाध्यमावर जाहिरात पाहून, पैसे भरून, अनोळखी चाळीसजणांच्या घोळक्यात कड्यावर जाणे आम्हास मुळीच पसंत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी उपक्रम चालवणाऱ्यांसाठी नोंदणीचे आणि सुरक्षिततेचे धोरण केले आहे. नोंदणी आहे काय, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. खरी आवड असेल तर रीतसर शिकावे. दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू संस्था १९६५ पासून हेच शिकवीत आहेत; मूलभूत शिक्षणक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या तुकडीतील दहाही जण २०१९ साली कांचनगंगेच्या माथ्यावर पोहोचले, तेही सह्याद्रीत वर्षानुवर्षे हात झिजवूनच. आणि अपघात घडलाच, तर लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांचे स्वयंसेवक रात्री-अपरात्री स्ट्रेचर घेऊन दरीत उतरतात. त्यांनाही घरी आया आहेत.

राहिला रविवार. पुष्कळ मातांची खरी तक्रार हीच असते, आणि ती रास्त आहे. डोंगर आणि मिस्सा यांचे वैर आहे असे मात्र समजू नये. पोप पायस अकरावे, म्हणजे पूर्वाश्रमीचे फादर आकिल्ले रात्ती, मिलानच्या ग्रंथालयात काम करीत असता १८८९ मध्ये दुसऱ्या एका धर्मगुरूसोबत व दोन वाटाड्यांसह मोंते रोझाचा पूर्वेकडील भयंकर कडा चढले, आणि अंधार पडल्यावर पुढे न रेटता सुमारे ४,६०० मीटरवर एका अरुंद खडकावर पाय आपटीत त्यांनी रात्र काढली. पुढे पोप झाल्यावर १९२३ साली त्यांनी संत बर्नार्ड यांना आल्प्सचे रहिवासी, प्रवासी आणि गिर्यारोहक यांचे आश्रयदाते संत म्हणून नेमून दिले. ट्यूरिनचे पिएर जॉर्जो फ्रासाती इटालियन आल्पाइन क्लबचे सभासद होते. त्यांच्या काळी कम्युनियन घेणाऱ्याला मध्यरात्रीपासून उपास असे. तरीही ते पहाटेची मिस्सा ऐकून मगच मित्रांसह चढाईला निघत, आणि आठवड्याचे इतर दिवस संत व्हिन्सेंट दि पॉल संस्थेमार्फत गरिबांच्या घरी जात. १९२५ च्या जुलैत पोलिओने त्यांचा अंत झाला, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. आदल्या दिवशी लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्यांनी एक चिठ्ठी लिहिली होती. एका गरीब रुग्णाची औषधाची इंजेक्शने पोहोचवायची राहिली होती, त्याविषयी. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद दिले.

आजच्या मुलांना फ्रासातींइतके कष्टही पडत नाहीत. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार शनिवारी सायंकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. शहरातील बहुतेक धर्मग्रामांत ती मिस्सा असते; वेळ धर्मग्रामाच्या कार्यालयात विचारून घ्यावी. पाठपिशवी देवळाच्या मागच्या बाकाजवळ ठेवली तर कोणी रागावणार नाही. मिस्सेनंतर रात्रीच्या गाडीने निघाले, तरी उजाडताना कड्याच्या पायथ्याशी पोहोचता येते, आणि चढाईला तीच वेळ चांगली. तेव्हा कातळ थंड असतो आणि मोहोळ अजून जागे झालेले नसते.