नातवाची ‘बीपीची गोळी’

गेल्या मे महिन्यात एक आजी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. सुट्टीसाठी तो आजोळी आला होता. आदल्या रात्रीपासून त्याचे डोके दुखत होते, घाम येत होता, छातीत धडधडत होते. रक्तदाब भरला १५०/१००. या वयात वरचा आकडा साधारणतः शंभराच्या आसपास असतो. कोणते औषध चालू आहे, असे विचारता आजी म्हणाल्या, “डॉक्टर, एक गोळी होती, ती मीच परवा बंद केली. दुकानदार म्हणाला, ही बीपीची आहे. एवढ्याशा पोराला कसलं आलंय बीपी?”

शंका रास्तच होती. गोळी क्लोनिडिनची होती. हे औषध मूळचे रक्तदाबाचे. परंतु अतिचंचलतेसाठीही मुलांना दिले जाते. मेंदूकडून हृदयाला व रक्तवाहिन्यांना जाणारे उत्तेजक संदेश ते आवरून धरते. शरीर त्या लगामाला सरावते. तो एकाएकी सुटला, की एक-दोन दिवसांतच रक्तदाब उसळतो. क्वचित मेंदूला इजा होऊन जिवावरही बेतते. म्हणून हे औषध थांबवायचेच असेल, तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार, दर तीन ते सात दिवसांनी थोडी मात्रा कमी करीत थांबवतात. प्रोप्रॅनोलॉलसारख्या काही औषधांनाही हीच सावधगिरी लागते.

कोणी मुद्दाम बंद न करताही असे घडू शकते, हे पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मुलांना उलट्या-जुलाब वरचेवर होतात. गोळी पोटात टिकत नाही, म्हणजे ती बंद झाल्यासारखीच. अशा वेळी उलटी थांबण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. अधिक मात्रेने गुंगी येते, नाडी व श्वास मंदावतात. आजोबांची स्वतःची हीच गोळी घरात असेल, तर ती कुलपात असावी. तान्ह्या-रांगत्या मुलाला एक गोळीही भारी पडू शकते.

त्या मुलाला मी तातडीने रुग्णालयात पाठविले. गोळी पुन्हा सुरू झाली, दोन दिवसांत तो घरी आला. आजी मात्र स्वतःला दोष देत राहिल्या. मला तो अर्धाच त्यांचा वाटतो. गोळी कशासाठी आहे, हे त्यांना ना लेकीने सांगितले होते, ना आम्हा डॉक्टरांपैकी कोणी.

पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी पाकीट टेबलावर ठेवून गोळ्या मोजल्या. सुट्टीचे अकरा दिवस उरले होते, गोळ्या सातच होत्या.